पिंपाच्या फळ्यांचा पाय

कृत्रिम अवयवांचा इतिहास वाचताना ज्या तरुणापाशी माझे मन वारंवार येऊन थांबते, तो म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनियाचा जेम्स एडवर्ड हँगर. महाविद्यालय सोडून, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेत तो दाखल झाला, हे खेदाने नमूद केलेच पाहिजे. आणि लगेचच, ३ जून १८६१ रोजी, फिलिपी या गावी एका तबेल्यात उसळत शिरलेल्या तोफगोळ्याने त्याचा डावा पाय चेचला, तो शत्रूच्या शस्त्रवैद्याने मांडीतून कापला.

कैदेतून सुटल्यावर वाट्याला आलेला लाकडी खुंट गुडघ्यात वाकेना, घोट्यात वळेना. घरी येऊन त्याने माडीवरची खोली बंद करून घेतली. पिंपाच्या फळ्या आणि चाकू तेवढे मागवले. मुलगा दुःखात बुडाला अशी घरच्यांची समजूत. आणि काही महिन्यांनी तो, गुडघ्याला नि घोट्याला बिजागरी असलेल्या स्वतः घडवलेल्या पायावर, जिना उतरून खाली आला!

पुढे त्याने या पायाचे पेटंट मिळवले, जखमी सैनिकांसाठी सरकारी मक्ता घेतला आणि कारखाना उभारला. पहिल्या महायुद्धात लंडनमधील रोहॅम्प्टन येथील रुग्णालयात अपंग सैनिकांना पाय पुरवणाऱ्यांत त्याच्याच नावाची पेढी होती.