वय ६२, क्रमांक १

लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१): न्यू ऑर्लीन्सचे ट्रम्पेटवादक, गायक. 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन'च्या ध्वनिमुद्रणांनी (१९२५–२८) जॅझमध्ये एकलवादनाला मानाची जागा मिळाली.

• 'हॅलो, डॉली!': ब्रॉडवेच्या संगीतिकेचं शीर्षकगीत. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९६३. संगीतिका ब्रॉडवेवर यायच्या आधीच.

• ९ मे १९६४: बिलबोर्डच्या 'हॉट १००'मध्ये पहिला क्रमांक. त्याआधी सलग १४ आठवडे तिथे बीटल्स होते! 'हॉट १००' ही सुट्या गाण्यांची यादी. अल्बमची यादी वेगळी. त्याच नावाचा अल्बम तिथेही पहिला.

• १९६५: सर्वोत्कृष्ट पुरुष गायनाचं ग्रॅमी.

• 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' (१९६७): ब्रिटनमध्ये १९६८ साली पहिलं, अमेरिकेत मात्र दुर्लक्षित. 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' (१९८७) चित्रपटानंतर तिथेही गाजलं.