वहीचें पान केवढें असावें?

बिटकॉइन हें नांव ज्याच्या कानांवर आलें नाहीं असें सुशिक्षित घर आतां क्वचितच सांपडेल. रात्रीच्या पंगतीला घरांतील एखादा तरुण पुतण्या त्याचा भाव सांगतो, वडील माणसें 'हा नव्या तऱ्हेचा सट्टा' म्हणून मान हलवितात, आणि विषय तेथेंच संपतो. भाव चढेल कीं उतरेल, हा प्रश्न आम्हांस या लेखांत सोडवावयाचा नाहीं. तो आमचा अधिकारहि नव्हे. परंतु या नाण्याच्या पोटांत गेलीं कित्येक वर्षें जो एक वाद चालला आहे, तो मात्र आमच्या वाचकांनीं समजून घेण्याजोगा आहे. वरवर पाहतां तो यंत्रज्ञांचा वाद दिसतो. पण त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबास ठाऊक आहे. घरची वही कोणी लिहावी, ती कोणी तपासावी, आणि लिहिण्याची रीत बदलावयाची झाल्यास ती कोणाच्या संमतीनें बदलावी?

सामायिक वही

प्रथम ही वही म्हणजे काय तें पाहूं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो असें नांव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीनें अथवा व्यक्तिसमूहानें नऊ पृष्ठांचा एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं त्या योजनेप्रमाणें वहीचें पहिलें पान लिहिलें गेलें. आपण पेढीवर पैसे ठेवतों तेव्हां जमाखर्चाची वही पेढीच्या हातीं असते, व आपण तिच्यावर विश्वास टाकतों. बिटकॉइनमध्यें अशी पेढीच नाहीं. एकच वही जगभर हजारों संगणकांवर जशीच्या तशी उतरलेली असते, आणि त्यांतील प्रत्येक संगणक नवी नोंद स्वतः तपासून घेतो. सुमारें दर दहा मिनिटांनीं वहीला एक पान जोडलें जातें. त्यास 'ब्लॉक' म्हणतात. प्रत्येक पानावर आधींच्या पानाचा गणिती ठसा असतो. त्यामुळें मागील नोंदींत कोणी खोडाखोड केली, तर तेथून पुढचे सारे ठसे जुळेनासे होतात व लबाडी तत्काळ उघडकीस येते. या रचनेलाच 'ब्लॉकचेन', म्हणजे पानांची सांखळी, हें नांव पडलें.

पान लिहिण्याचा मान कोणाला? जो संगणक एक अत्यंत कष्टाचें गणिती कोडें सर्वांआधीं सोडवील त्याला. हें काम करणाऱ्यांना 'मायनर', म्हणजे खाणवाले, म्हणतात. त्यांना मोबदला म्हणून नवीं नाणीं मिळतात. आरंभीं तीं दर पानास ५० होतीं, दर २,१०,००० पानांनंतर निम्मीं होत गेलीं, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५ झालीं आहेत. शिवाय नोंद करवून घेणारे शुल्क देतात तें निराळें. येथें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं खाणवाले पान लिहितात, परंतु तें नियमांस धरून आहे कीं नाहीं, हें घरोघरच्या प्रती पाहतात. पुढील सारी कथा या दोघांच्या अधिकारांभोवतीं फिरते.

दोन पक्ष

२०१० सालीं सातोशी यांनीं दर पानास दहा लक्ष बाइटांची मर्यादा घातली. कोणी निरर्थक नोंदींनीं वही भरून टाकूं नये, हा तिचा हेतु मानला जातो. त्या वेळीं पानें जवळजवळ कोरींच असत. परंतु पुढें वापर वाढला. एवढ्या पानांत दोन-तीन हजार नोंदी मावतात. म्हणजे सेकंदास तीन ते पांच. आपल्याकडील यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सरासरीनें सेकंदास सात हजारांच्या वर. तुलना विषम आहे हें खरें. यूपीआयची वही ठराविक संस्थांच्या हातीं असते, तर बिटकॉइनची हजारों घरीं तपासली जाते. तरीहि अंतर केवढें आहे, हें यावरून कळेल.

२०१५ च्या ऑगस्टमध्यें गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या दोघां जाणत्या कार्यकर्त्यांनीं पान आठ पटींनीं मोठें करण्याची योजना पुढें आणली. त्यांचें म्हणणें सरळ होतें. ज्या नाण्यानें सामान्य माणसाला देवघेव करतां येत नाहीं, तें नाणें कसलें? पान लहान राहिलें तर जागेसाठीं चढाओढ लागेल, शुल्क वाढेल, आणि गरीब माणूस आपोआप बाहेर ढकलला जाईल. ही भीति खोटी नव्हती. डिसेंबर २०१७ मध्यें एका नोंदीचें सरासरी शुल्क पन्नास डॉलरांच्या वर गेलें.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच विचारार्ह होतें. पान मोठें केलें कीं वही झपाट्यानें फुगते. ती उतरवून घेण्यास मोठा संगणक व वेगवान जोडणी लागते. मग साधा गृहस्थ ती घरीं ठेवूं शकत नाहीं. तपासणारीं घरें कमी झालीं, कीं वही चार-दोन धनाढ्य संस्थांच्या हातीं जाते, आणि ज्या पेढीला टाळण्यासाठीं हा खटाटोप केला, तीच पेढी मागील दारानें घरांत येते. एकाला व्यवहार करणाऱ्याची काळजी होती, दुसऱ्याला तपासणाऱ्याची. दोघेहि त्याच वहीचे हितचिंतक होते, म्हणूनच भांडण इतकें कडू झालें.

सहीची सोय व घराची वाटणी

डिसेंबर २०१५ मध्यें हाँगकाँग येथील परिषदेंत पीटर वुइल या बेल्जियन तज्ज्ञानें एक मधला मार्ग सुचविला. प्रत्येक नोंदीसोबत सही असते, आणि ती बरीच जागा खाते. ही सही मुख्य मजकुरापासून निराळी काढावी व जागेचा हिशेब करतांना तिचें वजन चौथाईच धरावें, अशी ती युक्ति. तिला 'सेगविट' म्हणतात. पानाची मर्यादा बाइटांऐवजीं वजनांत, ४० लक्ष एककांत, मोजावयाची ठरली. त्यामुळें व्यवहारांत पान जवळजवळ दुप्पट झालें. आणखी एक दोष गेला. पूर्वीं सहीच्या लेखनांत किंचित् फेरफार करून नोंदीची ओळखच बदलतां येत असे. तें बंद झालें. विशेष म्हणजे, जुनीच आज्ञावली चालविणाऱ्यालाहि हीं नवीं पानें नियमबाह्य वाटत नसत. कोणासहि घराबाहेर न काढतां केलेली ही दुरुस्ती होती.

तरी ती सुखासुखीं झाली नाहीं. दोन आठवड्यांच्या मुदतींतील ९५ टक्के पानांवर खाणवाल्यांची संमति हवी होती, व ती मिळेना. तेव्हां वही तपासणाऱ्या कांहीं गृहस्थांनीं जाहीर केलें, कीं १ ऑगस्ट २०१७ पासून संमति न दर्शविणारें पान आम्ही स्वीकारणारच नाहीं. तत्पूर्वीं मे महिन्यांत पन्नासांहून अधिक कंपन्यांनीं न्यूयॉर्क येथें तडजोड केली होती, कीं सेगविटहि घ्यावें आणि पानहि दुप्पट करावें. शेवटीं १ ऑगस्टला मोठ्या पानाचा पक्ष वेगळा निघाला व त्यानें 'बिटकॉइन कॅश' या नांवानें आठ मेगाबाइटांच्या पानांची स्वतंत्र वही सुरू केली. वाटणीपूर्वीं ज्याच्या नांवें जेवढी शिल्लक होती, तेवढी ती दोन्ही वह्यांत राहिली. अशी वाटणी आपल्याकडील कोणत्याहि कोर्टानें केलेली नसेल! २४ ऑगस्टला मूळ वहींत सेगविट अंमलांत आलें, आणि पान दुप्पट करण्याचा उरलेला बेत त्याच्या पुरस्कर्त्यांनींच ८ नोव्हेंबर रोजीं, पुरेशी सहमति नाहीं म्हणून, मागें घेतला. बड्या कंपन्यांचा करारहि घरोघरच्या तपासनिसांपुढें चालला नाहीं, हें या प्रकरणाचें सार होय.

वाण्याची वही

पान मोठें न करतां व्यवहार वाढवावयाचे कसे? याचें एक उत्तर जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनीं २०१५ सालीं 'लाइटनिंग' या योजनेनें दिलें. आपण वाण्याकडून रोज सामान आणतों, पण प्रत्येक पुडीची नोंद घरच्या मोठ्या कीर्दींत करीत नाहीं. महिनाअखेर एकच रक्कम मांडतों. लाइटनिंगची रीत तशीच, मात्र उधारीवर नव्हे. दोघे मिळून कांहीं रक्कम मोठ्या वहींत अनामत बांधतात. मग त्या रकमेची आपसांतील विभागणी हवी तितक्या वेळां क्षणार्धांत बदलतात, आणि व्यवहार मिटवितांना शेवटची शिल्लक तेवढी मोठ्या वहींत चढवितात. एकानें जुनी, आपल्या सोयीची शिल्लक पुढें केली, तर ठरलेल्या मुदतींत दुसऱ्यास सबंध अनामत जप्त करतां येते. ओळखीच्याच्या ओळखीचा मार्ग धरून अनोळखी माणसासहि पैसे पोंचवितां येतात.

२०१८ पासून ही योजना प्रत्यक्ष वापरांत आहे. पण तिच्याहि अडचणी आहेत. रक्कम अगोदर अडकून पडते, आणि दुसऱ्याच्या लबाडीवर पहारा ठेवावा लागतो. म्हणून पुष्कळ लोक हें काम एखाद्या कंपनीकडे सोंपवितात, व पुन्हां विश्वासाचा प्रश्न उभा राहतो. मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोरनें ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन ठरविलें होतें. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशीं झालेल्या कर्जाच्या करारानंतर जानेवारी २०२५ मध्यें कायदा बदलून दुकानदारांवरील सक्ती काढून टाकण्यांत आली.

अनेकांची एक सही

यानंतरची मोठी सुधारणा 'टॅपरूट' होय. ती १४ नोव्हेंबर २०२१ रोजीं ७,०९,६३२ व्या पानापासून सुरू झाली, व २०१७ चा अनुभव ताजा असल्यानें सर्वांनीं ती सामोपचारानें पार पाडली. तींत क्लाउस श्नोर या जर्मन गणितज्ञाच्या सहीच्या पद्धतीचा उपयोग केला आहे. सामायिक मिळकत विकतांना चारहि भावांच्या सह्या घ्याव्या लागतात. श्नोर यांच्या पद्धतीनें अशा अनेक सह्या मिळून एकच सही करतां येते. जागा वांचते, आणि मिळकत एकाची कीं चौघांची, हें परक्यास कळतहि नाहीं.

परंतु सुधारकांनीं दार उघडलें आणि अनपेक्षित पाहुणे आंत आले. जानेवारी २०२३ मध्यें केसी रॉडारमोर यांनीं 'ऑर्डिनल्स' ही पद्धति प्रसिद्ध केली. सहीच्या भागास वजनाची सवलत होती, आणि तेथील मजकुराच्या लांबीचें जुनें बंधन टॅपरूटनें काढलें होतें. त्याचा फायदा घेऊन लोक वहींत चक्क चित्रें चिकटवूं लागले. पुढच्याच महिन्यांत एका चित्रानें जवळजवळ सबंध पान, सुमारें चार मेगाबाइट, व्यापलें. एप्रिल २०२४ मध्यें अशाच एका नव्या टूमेमुळें एके दिवशीं सरासरी शुल्क शंभर डॉलरांहून वर गेलें. मग ऑक्टोबर २०२५ मध्यें 'बिटकॉइन कोअर' या प्रमुख आज्ञावलीच्या तिसाव्या आवृत्तींत, आपण होऊन पुढें पाठवावयाच्या नोंदींतील अवांतर मजकुराची मर्यादा ८३ बाइटांवरून एक लक्ष बाइटांवर नेण्यांत आली. कर्त्यांचें म्हणणें असें, कीं पैसे देणारा मजकूर घुसविणारच, तर तो निदान कमी त्रासाच्या जागीं ठेवावा. विरोधक म्हणतात, वही पैशांची आहे, चित्रांची नव्हे. आणि त्यांतील पुष्कळांनीं 'बिटकॉइन नॉट्स' ही दुसरी आज्ञावली धरली. जुना वाद नव्या वेषांत पुन्हां माजघरांत येऊन बसला आहे.

आम्हांस वाटतें तें थोडक्यांत सांगतों. २०२५ सालीं ही सारी वही सहाशे गिगाबाइटांहून मोठी झालेली असूनहि साध्या घरगुती संगणकावर ती ठेवतां येते, हें लहान पानाच्या पक्षाचें यश आहे. आणि रोजच्या भाजीपाल्यासाठीं ती अद्यापि कोणी फारशी वापरीत नाहीं, हें मोठ्या पानाच्या पक्षाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें याचें चिन्ह आहे. दोन्ही लाभ एकदम पदरांत पडत नाहींत. घरांतील तरुणांस आमची एकच विनंती आहे. या वहींत रक्कम ठेवणार असाल, तर किल्ली हरविल्यास दाद मागण्यास येथें पेढी नाहीं, आणि आपल्या देशांत अशा मिळकतीच्या नफ्यावर २०२२ सालापासून तीस टक्के कर आहे, हें वडिलांना आधीं सांगा. आणि वडिलांनीं तरी 'सट्टा' एवढ्यावर विषय संपवूं नये. भावाची गोष्ट निघाली, कीं त्या पुतण्याला विचारावें : "बाळ, ही वही तूं स्वतः तपासतोस, कीं दुसऱ्यानें तपासली म्हणून मानतोस?" त्याच्या उत्तरावरून त्यास हें प्रकरण कितपत समजलें आहे, तें कळेल.