पावसाचे पाणी, पंप आणि कारीगराची जान

व्यापारी आणि कारीगर बांधवांनो, २६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मीरा-भाईंदरची जमीन सखल, शेजारी खाडी आणि मिठागरे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की नाल्याचे पाणी ओसरत नाही, तळमजल्याच्या गाळ्यात शिरते. मग तागे वाचवण्यासाठी आपली पहिली धाव पंपाकडे असते.

त्या वर्षी माझ्या गाळ्यातही तीच घाई झाली. तुटक्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून मी मोटर लावायला सांगितली. पाण्यात उभ्या असलेल्या मुलाला जबर शॉक बसला. तो वाचला, पण चूक सर्वस्वी माझी होती.

म्हणून काही एहतियात ठेवावी. पाणी चढू लागताच कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करावा. स्विचपर्यंत पाणी आले असेल तर हात न लावता वीज कंपनीला कळवावे. पंपासाठी उंचावरून वेगळी लाइन घ्यावी. तिला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गळती होताच तो वीज तोडतो. विजेचा पंप चालू असताना कोणीही पाण्यात उतरू नये.

इंजिनचा पंप असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेतच चालवावा. शटर अर्धे उघडे ठेवून भागत नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके दुखते, चक्कर येते आणि माणूस कोसळतो. तेल भरायचे ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच.

आपल्या धंद्यात पाण्याबरोबर धागे, चिंध्या आणि पिशव्या येतात, पंपाचे तोंड चोक होते. तिथे जाळी बसवावी. बर्फाच्या देशांत रस्त्यावरचा बर्फ काढण्याचे यंत्र असेच तुंबते आणि आत हात घालणाऱ्याची बोटे जातात. इंजिन बंद केल्यावरही पात्यात जोर उरलेला असू शकतो. म्हणून तिथे यंत्र बंद करून, पाते थांबल्यावर, काठीनेच बर्फ काढतात. आपणही आधी प्लग काढावा, मगच कचरा काढावा.

ही तयारी मे महिन्यातच करावी. पंप कोण चालवणार हे ठरवावे. नव्या पोराला पुढे करू नये. भिजलेल्या मालाचे नुकसान पुढच्या सीझनला भरून निघते. शिर सलामत तर पगडी पचास.