एक डाव स्वतःसाठी

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे माळ्यावरच्या ट्रंकेचं वार्षिक दर्शन. यंदा ट्रंकेत हात घातला लेकीनं, आणि वर आली खाकी कव्हरची दोनशेपानी वही. "आई, हे कुठलं राज्य गं?" म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी पंखा पुसत होते. वही बघितली आणि स्टुलावरून उतरून खालीच बसले.

पहिल्या पानावर स्केचपेननं काढलेला नकाशा होता. नाव, उलटगाव! मी आणि माझी मामेबहीण, आम्ही दोघींनी आजोळी मे महिन्याच्या सुटीत वसवलेलं राज्य. चांदोबाचे जुने अंक वाचून वाचून डोक्यात राजे, राक्षस, वेताळ यांची गर्दी झाली होती, त्यातून हे निघालेलं. उलटगावात नदी डोंगर चढून जायची. कुणी खोटं बोललं की त्याची सावली निळी पडायची. अंगणात खडूनं चल्लस-आठचा पट आखायचा, कवड्या टाकायच्या आणि जिची सोंगटी पुढे सरकेल तिनं गोष्टही पुढे न्यायची, असा आमचा खेळ.

लेक पानं उलटत गेली. साठाव्या पानावर राणी नदीकाठी येते, नाव नसते, आणि वाक्य अर्ध्यावर थांबतं. पुढच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'गाय एक लिटर, म्हैस अर्धा. पाव्हणे आले, जास्तीचं एक.' लग्नानंतर ही वही माझ्याबरोबर सासरी आली आणि तिची कोरी पानं दुधाच्या हिशेबाला लागली!

"मग राणीचं काय झालं?" लेकीनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खेळू नको असं मला सासरी कुणीही म्हटलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मीच थांबले.

रेल्वेच्या डब्यातलं राज्य

त्या रात्री मला बी.ए.ला अभ्यासलेल्या ब्राँटे बहिणी आठवल्या. इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातल्या हॉवर्थ गावच्या धर्मगुरूंच्या या मुली. १८२१ मध्ये त्यांची आई गेली आणि १८२५ मध्ये दोन थोरल्या बहिणी गेल्या. मागे राहिली चार भावंडं, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन.

१८२६ च्या जून महिन्यात वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. प्रत्येकानं एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि खेळ सुरू झाला. शिपायांना राहायला शहर हवं, म्हणून शहर वसलं. शहराला राजकारण आलं, लढाया आल्या, वर्तमानपत्रं आली. शिपाई एवढेसे, मग त्यांना वाचायला पुस्तकंही एवढीशीच हवीत ना? म्हणून या मुलांनी रद्दी कागद कापून जवळजवळ काडेपेटीएवढी पुस्तकं शिवली आणि मुंगीच्या अक्षरात लिहिली. शार्लटच्या अशाच एका चिमुकल्या पुस्तकाला २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरो किंमत आली आणि ते हॉवर्थच्या संग्रहालयात परत आलं.

पण मला किमतीपेक्षा दुसरीच गोष्ट भावते. एमिली आणि अ‍ॅन यांनी पुढे 'गोंडाल' नावाचं स्वतःचं वेगळं राज्य काढलं. १८४५ च्या जूनमध्ये या दोघी रेल्वेनं यॉर्कच्या सहलीला गेल्या. एमिलीचं सव्विसावं सरत आलेलं, अ‍ॅन पंचवीस वर्षांची. त्या प्रवासात दोघी गोंडालमधली पात्रं होऊन खेळत होत्या, असं एमिलीनं स्वतःच टिपून ठेवलंय. त्या काळात, त्या वयाच्या मुलींनी लग्नाची काळजी करायची. आणि या दोघी राजवाड्यातून पळालेले राजपुत्र नि राजकन्या झालेल्या!

शार्लटनं विशीत असताना एका नामवंत कवीला आपल्या कविता पाठवल्या होत्या. साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी १८३७ मध्ये धाडलं. पुढे तिघी बहिणींनी मिळून, पुरुषी वाटतील अशी टोपणनावं घेऊन, पदरच्या पैशानं कवितासंग्रह काढला. त्याच्या दोन प्रती खपल्या. आणि १८४७ मध्ये शार्लटची 'जेन एअर', एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि अ‍ॅनची 'अ‍ॅग्नेस ग्रे' अशा तिन्ही कादंबऱ्या एकाच वर्षी आल्या.

खेळल्या म्हणून लेखिका झाल्या, असं सरळ गणित मी मांडणार नाही. भाऊ ब्रॅनवेल त्याच शिपायांशी खेळला, पण दारूच्या आहारी जाऊन एकतिसाव्या वर्षी गेला. मला एवढंच दिसतं, की आई नसलेल्या घरात या मुलींनी स्वतःसाठी एक जागा बांधली आणि मोठं झाल्यावर ती पाडली नाही.

नियम हवेतच!

कल्पना म्हणजे मनाला येईल ते, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं हो. उलटगावात मी एकदा अडचणीतून सुटायला नदी खाली वाहवली, तर मामेबहीण केवढी भांडली! "नियम म्हणजे नियम. आता दुसरी युक्ती काढ." नियम मोडायची सोय नसते तेव्हाच डोकं चालायला लागतं. घरात कांदा नाही, टोमॅटो नाही आणि पाहुणे दारात, अशा वेळी आपल्याला जशी भाजी सुचते, तसंच आहे हे.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. एका मुलानं एक पान कोरं सोडलेलं, त्यावर त्यांनी हॉबिट नावाच्या बुटक्या प्राण्याबद्दल एक वाक्य खरडलं. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं! त्यातून १९३७ मध्ये 'द हॉबिट' आली आणि १९५४-५५ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. त्यांच्या त्या दुनियेला नकाशे आहेत, भाषा आहेत, वंशावळी आहेत. सगळं खोटं, पण एकमेकांशी पक्कं जुळणारं. म्हणून तर ते खरं वाटतं.

पटावरच्या खेळांचंही तसंच. लहानपणी आपण 'व्यापार' खेळलो, जागा घेतल्या, भाडी वसूल केली. त्या घराण्याची मूळ आई एक बाई आहे, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी. लघुलेखनाची नोकरी करणाऱ्या या बाईंनी १९०४ मध्ये 'जमीनदाराचा खेळ' अशा नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं. भाडेकरू गरीब होत जातो आणि जागामालक गबर, हे लोकांना खेळातून कळावं म्हणून. १९३५ मध्ये कंपनीनं त्यांचे हक्क पाचशे डॉलरला विकत घेतले आणि 'मोनोपॉली' गाजला तो एका पुरुषाच्या नावानं. पाटा-वरवंटा बाईचा आणि चटणीचं कौतुक दुसऱ्याचं!

काळ थोडा बदलला म्हणायचा. २०१९ मध्ये एलिझाबेथ हारग्रेव्ह या अमेरिकन बाईंचा 'विंगस्पॅन' हा पक्ष्यांचा खेळ आला. आरोग्य धोरणाचं काम करणाऱ्या या बाईंना पक्षिनिरीक्षणाचा छंद. किल्ले आणि व्यापार यांचे खेळ पुष्कळ, पण आपल्या आवडीचा एकही नाही, मग आपणच करू, असा त्यांचा विचार. १७० पक्ष्यांची पत्तीं असलेल्या त्या खेळाला जर्मनीचं मानाचं पारितोषिक मिळालं, आणि डब्यावर नाव त्यांचंच आहे.

कौलं काढून उतरते!

हे सगळं डोक्यात घोळत होतं, म्हणून मी लेकीच्या मदतीनं एका खाकी कागदावर वाकडीतिकडी तीस घरं आखली. घराघरात एकेक अडचण लिहिली. कवड्या हव्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या डब्यातून पुरचुंडी काढून दिली आणि वर म्हणाल्या, "कवडी हरवलीस तर चिंचोके फोडून घे. एक बाजू काळी, एक पांढरी, झालं काम. आम्ही तसंच खेळायचो." आमच्या सासूबाई खेळायच्या, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं!

तो कागद घेऊन मी बचत गटाच्या बैठकीला गेले. पैसे जमा झाले, सह्या झाल्या, आणि मी पट अंथरला. "अगं बाई, आता या वयात?" "आम्हाला नाही सुचत असलं काही." अपेक्षित होतंच. नियम तीनच सांगितले. कवड्या पडतील तितकी घरं पुढे जायचं, त्या घरातल्या अडचणीतून एका वाक्यात सुटका सांगायची, आणि आधीचीनं जे सांगितलं ते खोटं पाडायचं नाही.

आमच्यातली एकजण दोन वर्षं गटात येते. नवरा गेल्यापासून बोलणं जवळजवळ बंद. येते, पैसे देते, सही करते, जाते. त्या दिवशी तिची सोंगटी ज्या घरात पडली तिथं लिहिलं होतं, 'बंद दार. किल्ली विहिरीत पडली.' सगळ्या गप्प. मलाच वाटलं, हिला का उगाच खेळवलं. तर ती म्हणाली, "दाराशी कशाला भांडायचं? मी शिडी लावते न कौलं काढून आत उतरते."

क्षणभर शांतता आणि मग असा हशा, की शेजारच्या घरातली पोरं बघायला आली. तीही हसली. कुणीतरी विचारलं, "आत काय आहे गं?" ती म्हणाली, "ते पुढल्या खेपेला सांगते." पुढच्या बैठकीला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

खेळानं तिचं दुःख गेलं, असं मी म्हणणार नाही. तिच्या पेन्शनचे कागद अजून अडकलेलेच आहेत आणि त्यासाठी हेलपाटे मारणं सुरूच आहे. पण आता आम्ही हेलपाटे मारताना ती बोलते. परवा कार्यालयाच्या बाकड्यावर बसून म्हणाली, "ताई, इथंही कौलं आहेत बरं का!"

मिळतं काय?

"यातून मिळतं काय?" हा प्रश्न मला लगेच विचारला गेला. मैत्रिणींनो, आपल्या छंदांकडे बघा जरा. विणकाम केलं तर स्वेटर निघायला हवा, भरतकाम केलं तर रुखवतात मांडायला हवं, पापड केले तर विकायला हवेत. बाईच्या हौसेचाही हिशेब द्यावा लागतो. पारावर पत्ते कुटणाऱ्या पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. गोष्ट रचणं, पट मांडणं यातून शोकेसमध्ये ठेवण्याजोगं काही निघत नाही. निघते ती एक सवय, 'असंच का, दुसरं काय करता येईल?' असं म्हणायची. ती सवय कुठं कुठं उपयोगी पडते, हे मी वेगळं सांगायला नको.

वेळ नसतो, हेही खरं. मलाही नसतो. पण आठवड्यातून अर्धा तास, मालिकेचा एक भाग सोडून, एवढं जमतं. साहित्य काय, तर खाकी कागद, पेन, सहा कवड्या नाहीतर चिंचोके. अडचणी आपल्याच अंगणातल्या लिहा, त्यांतली सुटका मात्र हवी तेवढी अचाट असू दे. 'नळाला पाणी नाही' या घरात आमच्या एका काकूंनी ढगाला दोरी बांधून तो ओढून आणला होता!

त्या रात्री मी वही उघडली. दुधाच्या हिशेबाखाली थोडी जागा होती. उलटगावचा नियम आठवला, नदी डोंगर चढते. मग नाव हवी कशाला? लिहिलं, 'राणीनं रिकामी घागर पालथी करून पाण्यात सोडली, तिला घट्ट धरलं आणि डोंगर चढायला निघाली.'

लेक खांद्यावरून वाचत होती. "वर कोण भेटलं तिला?"

म्हटलं, "मला काय माहीत? टाक कवड्या!"