‘काकी, कार्ड रूमवर राहिलं!’

थर्टी फर्स्ट असो, शिमगा असो की गणपतीपुळ्याचा सीझन, रत्नागिरीकडे पाहुण्यांची रीघ लागते. घरच्या परमिट रूमचा गल्ला सांभाळणाऱ्या मैत्रिणींना वरचं वाक्य नवीन नाही. समोर नुकती मिसरूड फुटलेला पोरगा, मागे चार मित्र. कार्ड मागितलं की ते रूमवर तरी राहिलेलं असतं, नाहीतर मोबाइलमधला फोटो पुढे होतो.

महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची अट २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५. म्हणजे बावीस वर्षांच्या मुलाचं कार्ड अगदी खरं असलं, तरी त्याला रम नाहीच! अठराच्या आतल्याला दारू दिली, तर २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारवाल्यांनाही अटक झाली.

मग कार्ड ओळखायचं कसं? मोबाइलच्या फोटोवर जन्मसालाचा एक आकडा बदलणं पोरांना अवघड नाही. म्हणून मूळ कार्डच मागावं. आधारवरच्या क्यूआर कोडला डिजिटल सही असते. अधिकृत ॲपने तो स्कॅन केला की खरी जन्मतारीख दिसते. छापलेली वेगळी निघाली तर समजून जावं. फोटो आणि चेहरा नीट ताडून पाहावा. ‘वय किती?’ याचं उत्तर पाठ असतं. ‘दहावी कोणत्या साली झालास?’ म्हटलं की बोटं मोडायला लागतात!

शंका आली तर चारचौघांत ‘खोटं कार्ड’ म्हणून ओरडू नये, कार्ड हिसकावूही नये. ‘बाळा, या कार्डावर मला देता येणार नाही. कोकम सरबत घे,’ एवढं पुरे. आवाज चढला तर घरातल्या कुणाला हाक मारावी, गरज पडली तर ११२ लावावा. घरचेच कधी म्हणतात, ‘जाऊ दे गं, गिऱ्हाईक तुटेल.’ तुटू दे की! आणि वेटरलाही त्याच वेळी सांगून ठेवावं, नाहीतर मोठा मित्र ऑर्डर देतो आणि ग्लास त्याच पोरापुढे सरकतो.