भाग ७ : रस्ते वेगळे, कोठार एक

मागच्या भागात एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, कसे चालतात ते आपण पाहिले. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. तो सर्व्हरच बंद पडला तर काय?

एक उदाहरण धरून चालू. समजा, बडोद्यातल्या एका पतसंस्थेकडे तीन सर्व्हर आहेत आणि तिन्हींवर प्रॉक्समॉक्स व्हीई बसवले आहे. ठेवीदारांचे हिशेब एका व्हीएमवर चालतात. सर्व्हर जळाला तर ही व्हीएम काही मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर उठली पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. तिला तिथेही तोच रस्ता, म्हणजे नेटवर्क, मिळायला हवे. आणि तिची डिस्क एका सर्व्हरच्या पोटात न राहता तिघांनाही पोचता येईल अशा कोठारात हवी.

आधी रस्ते पाहू. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक ब्रिज असतो, बहुधा व्हीएमबीआर० या नावाचा. हा ब्रिज म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच. व्हीएमचे नेटवर्क कार्ड त्याला जोडले जाते आणि ब्रिज खऱ्या केबलला. तिन्ही सर्व्हरवर ब्रिजचे नाव एकच ठेवा, कारण व्हीएम नव्या जागी गेली की ती त्याच नावाचा ब्रिज शोधते.

एकाच केबलवरून अनेक वेगळे रस्ते काढायचे तर व्हीलॅन वापरतात. प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक चिकटवला जातो. या क्रमांकाला १२ बिट मिळतात, म्हणून १ ते ४०९४ क्रमांक वापरता येतात. आपण हिशेबाला १०, व्यवस्थापनाला २०, स्टोरेजला ३० आणि पाहुण्यांच्या वायफायला ४० देऊ. वायफायवरचा पाहुणा हिशेबापर्यंत पोचायचा असेल तर त्याला फायरवॉलमधूनच जावे लागेल, आणि तिथे आपण नाही म्हणू शकतो.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. सर्व्हरची केबल ज्या स्विचच्या पोर्टमध्ये जाते, तिथेही हे सगळे क्रमांक मोकळे करावे लागतात. तिसऱ्या सर्व्हरच्या पोर्टवर १० राहिला, तर हिशेबाची व्हीएम तिथे व्यवस्थित सुरू होते, पण कोणाशीच बोलत नाही. हे एरवी कळत नाही, कळते ते नेमके अडचणीच्या दिवशी.

आता कोठार. दोन सोप्या पद्धती आहेत. एनएफएसमध्ये स्टोरेज सर्व्हर फाइली वाटतो आणि कुलूप-किल्लीही सांभाळतो. लहान कार्यालयाला हे बहुधा पुरते. आयस्कझीमध्ये नेटवर्कवरून थेट कोरी डिस्क मिळते. पण ईएक्सटी४ सारखी साधी फाइल सिस्टीम घालून ती एकाच वेळी दोन सर्व्हरवर कधीही माउंट करू नका. दोघेही डिस्क आपलीच समजून लिहितील आणि सगळे खराब होईल. प्रॉक्समॉक्समध्ये आयस्कझीवर एलव्हीएम ठेवून प्रत्येक व्हीएमला वेगळा तुकडा देतात.

स्टोरेजचा रस्ता रुंद हवा. १ गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात, आणि त्यात तिन्ही सर्व्हर वाटेकरी. साधी साटा एसएसडी एकटीच ५०० च्या आसपास देते. म्हणून स्टोरेजला वेगळे कार्ड आणि जमल्यास १० गिगाबिट द्या. एमटीयू ९००० करणार असाल तर वाटेतल्या प्रत्येक कार्डावर आणि स्विचवर करा. मग पाकीट तोडायचे नाही असे बजावून ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. उत्तर आले तर वाट साफ आहे.

आता सर्वांत धोक्याची जागा. सर्व्हर एकमेकांना दिसेनासे झाले तर कोण जिवंत आणि कोण मेला, हे ठरवायचे कसे? दोघांनीही हिशेबाची व्हीएम सुरू केली, तर एकाच डिस्कवर दोन हात लिहू लागतील. म्हणून बहुमत लागते. तीन सर्व्हरमध्ये दोन मते हवीत. एकटा पडलेला सर्व्हर, एचए चालू असेल तर, स्वतःच रीस्टार्ट होतो, आणि त्यानंतरच दुसरा व्हीएम उचलतो. मेमरीतले परत मिळत नाही, व्हीएम नव्याने सुरू होते. दोनच सर्व्हर असतील तर तिसऱ्या मतासाठी एखाद्या लहान यंत्रावर क्यूडिव्हाइस बसवा. या मतांची ये-जा स्टोरेजच्या गर्दीतून नेऊ नका. उशिरा पोचलेले मत न पोचल्यासारखेच.

आणि लक्षात ठेवा, कोठार एकच असेल तर ते बसले की तिन्ही सर्व्हर रिकाम्या हाताने उभे. स्नॅपशॉटही त्याच कोठारात असतो, म्हणून त्याला बॅकअप म्हणू नका. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर आणि एक प्रत इमारतीबाहेर ठेवा.

सगळे जोडून झाल्यावर एका रविवारी, ताजा बॅकअप घेऊन, एक चाचणीची व्हीएम चालू ठेवा आणि तिच्या सर्व्हरची वीज काढा. मग घड्याळ लावून बसा. ती कोणत्या सर्व्हरवर उठली, किती वेळात उठली आणि नेटवर्कवर बोलते का, हे वहीत लिहा. तिन्ही सर्व्हरची अशी पाळी झाली की मगच ठेवीदारांचे हिशेब त्यावर आणा.

पुढच्या भागात बॅकअप परत कसा उतरवायचा ते पाहू.