गाढव का अडतं?

हट्टी पोराला घरात काय काय ऐकावं लागतं! हेकट, हेकेखोर, आडमुठा, अडेलतट्टू... आणि आजीचा पारा फारच चढला, तर थेट ‘गाढवा!’ तट्टू म्हणजे ठेंगणं घोडं. या यादीत ते एकटंच घोड्यांकडून आलंय. हट्टीपणाचा पहिला मान मात्र गाढवाचा.

समजा, वाटेत पावसाचं डबकं साचलंय. पाठीवर विटा लादलेलं गाढव काठाशी येतं आणि थबकतं. चारही पाय रोवलेले, मान खाली, दोन्ही कान डबक्याकडे. मालक दोरी ओढतो, मागून ढकलतो, ओरडतो. गाढव ढिम्म!

आता जरा गाढवाच्या बाजूनं बघू. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचं आणि मागचंही बरंच दिसतं, पण अगदी नाकाखालचं दिसत नाही. पाण्याखाली दगड आहे की खड्डा, हे त्याला कळणार कसं?

आणि ही थबकण्याची सवय आजची नाही. गाढवाचे पूर्वज म्हणजे ईशान्य आफ्रिकेतली रानगाढवं. माणसानं त्यांना माणसाळवलं सुमारे ७००० वर्षांपूर्वी. त्याआधी ती इथिओपिया, सोमालियाकडच्या रखरखीत, दगडधोंड्यांच्या मुलखात राहायची. घोड्यांचं तसं नव्हतं. मोकळं गवताळ मैदान, सोबतीला कळप. जरा खुट्ट झालं की उधळायचं! रानगाढवानं खडकाळ जागी असं केलं, तर पाय मोडायचा. शिवाय भर उन्हात पळून अंगातलं पाणी घालवणं परवडतंय कुणाला? म्हणून ते आधी थांबतं, बघतं, कान टवकारतं. ते लांब कान दूरची चाहूल तर घेतातच, वर अंगातली उष्णताही बाहेर टाकतात. अगदीच संकट अंगावर आलं, तर गाढव लाथा झाडतं, कडकडून चावतंही.

थोडक्यात, आपण जेव्हा ‘हट्ट’ म्हणतो, तेव्हा गाढवाचा विचार चालू असतो. उधळणाऱ्या घोड्याला कुणी भित्रं म्हणत नाही, आणि थांबून बघणारं गाढव तेवढं मूर्ख! मला तर हा सरळसरळ अन्याय वाटतो.

मग अडलेल्या गाढवाचं करायचं काय? गाढवांची आपसात घट्ट जोडी जमते. जोडीदाराला आधी पाण्यातून पलीकडे न्यायचं आणि दोरी सैल सोडायची. तो सुखरूप पोचलेला दिसला, की बहुतेक वेळा हेही विटांसकट निघतं त्याच्यामागे!